दूध उतू गेल्याची घंटा

मिरजेच्या आमच्या घरात दूध उतू गेलं की घंटा वाजायची. उतू जायच्या आधी नव्हे, गेल्यावर.

ही करामत भाऊकाकांची. भाऊकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःची यंत्रं करायची, हा त्यांचा क्रम. छत्रीच्या दांड्याला त्यांनी बॅटरी बांधली होती, पावसात अंधार पडला तर असावी म्हणून. पण त्या वजनाने छत्री कायम एका अंगाला कलायची, आणि काका कारखान्यातून उजेडात पण अर्धे भिजून यायचे. पलंगावर पडल्यापडल्या दिवा मालवायची एक दोरी होती. ती मच्छरदाणीत अडकायची आणि दिव्याऐवजी मच्छरदाणी खाली यायची. आजी म्हणायची, "ह्याला डोकं आहे, पण ते गळतं."

घंटेचं यंत्र मात्र त्यांच्या सगळ्या कामांतलं उत्तम काम. मला ते अजून तपशीलवार आठवतं. ओट्याच्या वरच्या भिंतीत दोन लांब खिळे. खिळ्यांवर शिवणाच्या दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं, फिरतील अशी. रिळांवरून गेलेली सतारीची तार. मिरजेत सतारीच्या तारेला तोटा नाही; सितारमेकर गल्लीतून काका तुकडे मागून आणायचे. सुतळी का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "सुतळी वाफेनं फुगते. तार इमानदार असते." तारेच्या एका टोकाला पावडरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण, स्टोव्हवरच्या पातेल्याच्या बरोबर डोक्यावर आडवं टांगलेलं. दुसऱ्या टोकाला बैलाच्या गळ्यातली छोटी पितळी घंटा, आणि तिच्याखाली उपडी घातलेली स्टीलची ताटली. झाकण घंटेपेक्षा किंचित जड. दूध वर आलं की झाकणाला खालून टेकू मिळणार, तेवढ्याने घंटेची बाजू जड होणार आणि ती ताटलीवर आपटणार. ठण्ण!

हे "किंचित" साधायला काकांना दोन रविवार लागले. झाकणावर ते कणकेचे बारीक गोळे चिकटवायचे, काढायचे, पुन्हा चिकटवायचे. एक गोळा जास्त झाला तर दुधाच्या फेसाला झाकण उचलत नाही. एक कमी झाला तर खिडकीतून वारा आला तरी घंटा वाजते आणि बायका धावत येतात. एकदा रात्री दोन वाजता घंटा वाजली. सगळं घर उठून बसलं, तर तारेवर पाल.

खरी खोट होती झाकणाच्या उंचीत. काकांचं म्हणणं, झाकण पातेल्याच्या आत, काठाच्या खाली असलं पाहिजे, म्हणजे दूध काठाशी यायच्या आत घंटा वाजेल. काकू म्हणाली, "पावडरच्या डब्याचं झाकण माझ्या दुधात उतरणार नाही." वाटाघाटी होऊन झाकण काठाच्या वर दोन बोटं राहिलं. त्या दोन बोटांत सगळं यंत्र फसलं. दूध काठ ओलांडून फुगायचं, ओघळायला लागायचं, स्टोव्ह चुर्र करायचा आणि मग रुबाबात घंटा व्हायची. काकूने त्याचा अर्थ आम्हा पोरांना समजावून सांगितला होता: "घंटा वाजली की फडकं घ्यायचं."

दूध असं का वागतं, हे मला फार पुढे कळलं. पाण्याला उकळी फुटते तेव्हा बुडबुडे वर येतात आणि फुटतात, प्रकरण मिटलं. दुधात प्रथिनं असतात. तापायला लागलं की त्यातली काही उलगडतात, एकमेकांना धरतात, स्निग्धांश त्यात अडकतो आणि वर सायीचं पांघरूण तयार होतं. खालून येणारी वाफ त्याच्याखाली कोंडते. शिवाय वाफेच्या प्रत्येक बुडबुड्याला प्रथिनांचा अस्तर मिळतो, म्हणून तो लवकर फुटत नाही. फेसावर फेस चढतो आणि बघताबघता सगळं वर येतं. "बघताबघता" हा शब्द इथे चूकच म्हणा. बघत असताना दूध कधीच वर येत नाही. पाच मिनिटं टक लावून उभे राहा, ते साधं थरथरत नाही. दारावर पोस्टमन आला, की आलं.

यावर घरोघरी उपाय आहेत. पातेल्यावर आडवा डाव ठेवायचा. काठाला आतून तुपाचं बोट फिरवायचं. बुडाशी एक चकती टाकायची. तिच्याखाली वाफ साठते, एकदम सुटते, चकती खडखडते आणि दूध ढवळलं जातं. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे दुधाचा कुकर. दोन भिंतींचं भांडं, मधल्या पोकळीत तोंडातून पाणी भरायचं, तोंडावर शिट्टी बसवायची. दूध थेट आचेवर नाहीच, उकळत्या पाण्याच्या मिठीत तापतं. पाणी उकळलं की शिट्टी, आणि तोवर दूध चांगलं कढत झालेलं असलं तरी उसळायची ताकद त्याच्यात आलेली नसते. हे भांडं काढणाऱ्याने दुधाशी भांडण केलंच नाही. त्याने दूध आणि आग यांच्यात एक मध्यस्थ बसवला.

काकूने भिशीच्या पैशांतून दुधाचा कुकर आणला तेव्हा भाऊकाका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी उघडून बघितली. मग म्हणाले, "बरोबर आहे. मी वरून विचार करत होतो, ह्यानं बाजूनं केला." घंटा त्यांनी उतरवली नाही. आणि काकूनेही उतरवा म्हटलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

काकांचा जीव ज्या वस्तूवर होता, ती त्यांनी केलेली नव्हती. ती म्हणजे गॅसचा लायटर. घरी गॅस आला, त्याच्या मागोमाग लायटर आला, आणि काका सेल कुठे घालायचा ते शोधत बसले. सेल नव्हताच. वायर नाही, चकमक नाही, काडी नाही, आणि तरी टक् केलं की निळी ठिणगी. त्यांनी लायटर उघडला. स्प्रिंग, एक छोटा हातोडा आणि राखाडी रंगाचा एक इवलासा तुकडा. अंगठ्याने दाबलं की स्प्रिंग आवळली जाते, एका बिंदूला सुटते, हातोडा तुकड्यावर बसतो. त्या तुकड्याला दाब सोसला की वीज देण्याची खोड आहे. मार बसला की क्षणभर हजारो व्होल्ट तयार होतात आणि टोकाशी हवेतून उडी मारतात. स्फटिकांचा हा गुण झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवला. पिएर म्हणजे पुढे ज्यांचं मारीशी, म्हणजे मादाम क्युरींशी, लग्न झालं ते. काकांना हे कुठून तरी माहीत होतं, आणि चहा ठेवताना प्रत्येक वेळी ते आम्हाला "क्युरीसाहेबांची ठिणगी" दाखवायचे. काकू म्हणायची, "साहेबांना सांगा, साखर संपलीय."

हे सगळं मी विसरून गेले असते. पण ईमेलवर फॉरवर्ड यायचे त्या काळात, कार्यालयातल्या कुणीतरी जपानी माणसांच्या अजब वस्तूंचे फोटो पाठवले. एका बाईच्या डोक्यावर टॉयलेट पेपरचं भेंडोळं बांधलेलं, सर्दीत नाक पुसायला हाताशी असावं म्हणून. नूडल्स गार करायला चॉपस्टिकला लावलेला चिमुकला पंखा. मांजराच्या चार पायांत फरशी पुसायचे मोजे. डोळ्यांत औषध नेमकं पडावं म्हणून काचांवर नरसाळी बसवलेला चष्मा. सगळं कार्यालय हसत होतं. मीही हसले, पण त्या नरसाळ्यांपाशी थांबले. हे हात मला ओळखीचे वाटले.

त्या वस्तूंना "चिंदोगु" म्हणतात. चिन म्हणजे विचित्र, दुर्मीळ. दोगु म्हणजे अवजार. नाव आणि खूळ दोन्ही केंजी कावाकामी या गृहस्थांचं. १९८०च्या दशकात ते टपालाने वस्तू विकणाऱ्या एका मासिकाचे संपादक होते. मासिकात काही पानं रिकामी राहायची, तिथे ते स्वतःच्या डोक्यातून आलेल्या, विकत न मिळणाऱ्या वस्तू छापायला लागले. पुढे लोकांना त्या पानांचंच वेड लागलं. मग चिंदोगुचे दहा नियम झाले. वस्तू खरीखुरी वापरण्याजोगी नसावी. पण ती प्रत्यक्ष बनवलेली हवी, नुसती कागदावर चालणार नाही. ती रोजच्या जगण्यातली अडचण सोडवणारी हवी. विकायची नाही. पेटंट घ्यायचं नाही. हे शेवटचे दोन मला फार आवडले. बाजार भरून वाहत असताना एक माणूस कष्टाने वस्तू बनवतो आणि म्हणतो, ही घेता येणार नाही.

भाऊकाकांची घंटा यांतल्या बऱ्याच नियमांत बसते. नापास होते ती पहिल्यात. काकांना ती उपयोगी वाटायची.

पण निरुपयोगी कशाला म्हणावं, हेही इतकं सोपं नाही. १९९५ साली चिंदोगुंचं एक पुस्तक इंग्रजीत आलं, त्यात एक वस्तू होती: लांबवता येणारी काठी, टोकाला कॅमेरा. आपलाच फोटो आपणच काढायचा. लोक हसले. ही काठी कावाकामींच्या आधीही होऊन गेली होती. मिनोल्टा या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीत हिरोशी उएदा नावाचे अभियंते होते. ते बायकोबरोबर युरोपात फिरायला गेले होते. दोघांचा फोटो हवा म्हणून त्यांनी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापाशी एका मुलाच्या हातात कॅमेरा दिला, आणि मुलगा कॅमेरा घेऊन पळाला. घरी परतून त्यांनी काठी केली. आपण चौकटीत आहोत का ते दिसावं म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी छोटा आरसा बसवला. १९८३ साली पेटंटसाठी अर्ज झाला, वस्तू बाजारातही आली. पण चालली नाही. २००३ मध्ये पेटंटची मुदत संपली. आणि २०१४ साली 'टाइम' मासिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत सेल्फी स्टिक घातली.

काठी तीच होती. मध्ये फक्त फोनचा पडदा माणसाच्या तोंडाकडे वळला. आरशात अंदाजाने बघून फोटो काढायचा, रोल धुवून येईपर्यंत वाट बघायची आणि मग कळणार, की पतीचं अर्धं कपाळ आणि मागचा खांब आलाय. अशा काठीला कोण विचारेल? आता सिंहगडावर रविवारी जा, काठ्या चुकवत चालावं लागतं.

कधीकधी वस्तू चालते, तरी ती चालवायला माणसाला भीती वाटते. १९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रँक क्लार्क या बंदुका बनवणाऱ्याने आपोआप चहा करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. उशाशी ठेवायचं. गजराच्या घड्याळाने वेळ झाली की आगकाडी ओढली जाते, स्पिरिटचा दिवा पेटतो, पाणी उकळतं, किटली आपोआप कलंडून पाणी ओतते आणि मग घंटा वाजते: उठा, चहा तयार आहे. झोपलेल्या माणसाच्या कानाशी आगकाडी! पण घंटा बरोबर वेळेला. काकांना हे कळलं असतं तर त्यांनी मनावर घेतलं असतं, आणि घरात आगीचा बंब आला असता.

काका निवृत्त झाल्यावर एकदा काकूला घेऊन पुण्यात आमच्याकडे आले होते. मी दोघांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं, शुक्रवार पेठेत. तिथे लोक मस्तानी महाल बघायला जातात. मला तिथल्या किरकोळ वस्तू आवडतात: दिवे, दौती, कुलपं, किसण्या, पाय घासायच्या वज्री. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय, आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता. १९२०च्या सुमारास ते जुन्या वस्तू जमवायला लागले आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवत राहिले. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. संग्रहाला त्याचं नाव. पुढे त्यांनी तो सगळा ठेवा सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू आहेत म्हणतात, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच.

काका अडकित्त्यांच्या कपाटाशी गेले ते तिथेच राहिले. घोड्यांचे अडकित्ते, पोपटांचे, स्त्रीपुरुषांच्या जोड्यांचे. सुपारी फोडायला दोन पाती आणि एक खिळा पुरतो. तरी कुणाला तरी वाटलं, की खिळ्याच्या जागी दोघांचे हात गुंफावेत, म्हणजे सुपारी फुटते तेव्हा ती दोघं जवळ येतात. काकांचं लक्ष मात्र नक्षीवर नव्हतं. काचेला नाक लावून म्हणाले, "खिळा बघ की. इतकी वर्षं झाली, खेळ आलेला नाही." मग पाटी वाचून म्हणाले, "केलं कुणी ते लिहिलेलंच नाही."

काकूचे पाय दुखायला लागले होते. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. वज्रीवरून तिच्या माहेरच्या न्हाणीघराचा विषय निघाला, तिथून सासरचा. म्हणाली, लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून रोज दूध उतू जायचं. माहेरी दूध तापवायचं काम कधी केलं नव्हतं, आणि स्टोव्हची आच कळत नव्हती. आजी रोज बोलायची. दूध म्हणजे लक्ष्मी, लक्ष्मी उतू घालवते, माहेरचं वळण काढायची. "हे तिथंच पेपर वाचत असायचे. एक शब्द नाही. आईंपुढं बोलायची प्राज्ञा नव्हती ह्यांची. मला इतका राग यायचा! आणि मग एका रविवारी उठले, आणि भिंतीत खिळे ठोकत बसले."

"पण ती घंटा तर उशिरा वाजायची," मी म्हटलं.

"वाजायचीच. पण त्यानंतर दूध उतू गेलं की आई घंटेला बोलायच्या. ह्याची घंटाच मेली उशिरा वाजते म्हणायच्या." काकूने पदराने चष्मा पुसला. "मला नाही बोलल्या पुन्हा."

काका आतून आले तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर काचेची धूळ होती. अडकित्त्यांवरून आणखी अर्धा तास बोलले. मी त्यांना काही विचारलं नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. रील्समध्ये स्वयंपाकघरातल्या नव्यानव्या वस्तू येतात, त्या मी विकत घेत नाही, पण बघत बसते. लसूण सोलायची रबरी नळी. तीत पाकळ्या घालून ओट्यावर लाटायच्या, सालं सुटतात. ही मात्र घेतली, आणि खरंच चालते. केळ्याच्या एकसारख्या चकत्या पाडायचं यंत्र. केळं ही सुरीनेच नव्हे तर चमच्यानेही कापता येणारी वस्तू आहे. तरी वाटतं, कुणाच्या तरी घरी कुणाच्या तरी हाताला सुरी धरवत नसेल. विळीच घ्या. पाट, पातं आणि पात्याच्या टोकाला खोबरं खवायचे दात. पाटावर एक पाय दाबून बसलं की दोन्ही हात मोकळे. तिच्यावरही कुणाचं नाव नाही. मला आक्षेप आहे तो फक्त एकाच जातीच्या वस्तूंवर, ज्यांना काम सांगायच्या आधी आपला मोबाइल नंबर द्यावा लागतो. माझ्याकडे एक बल्ब होता, त्याला पासवर्ड होता. तो मी विसरले. बल्ब कायमचा जांभळा राहिला.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, वाकडला घर घेतलं. वास्तुशांत होती. पाइपचा गॅस यायचा होता, म्हणून ओट्यावर नवीकोरी इंडक्शन शेगडी. आत शिरताना दूध उतू घालवायचं असतं. वर्षभर जे होऊ नये म्हणून जीव टाकायचा, ते त्या एका दिवशी मुद्दाम करायचं. वहिनीने पातेलं ठेवलं, शेगडीवर दुधाचं चित्र होतं ते बटण दाबलं. गुरुजी, पाहुणे, सगळे ओट्याभोवती गोळा झाले. दूध तापलं, कडेला हललं, वर चढायला लागलं, बायकांनी हात जोडले. आणि शेगडीने मंद होऊन दूध अलगद खाली बसवलं.

पुन्हा लावलं. पुन्हा चढलं, पुन्हा बसलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं. भाऊ मोबाइलवर शेगडीचं माहितीपत्रक शोधायला लागला. काकू खुर्चीत बसली होती, तिला आता कमी ऐकू येतं. काय चाललंय ते मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिला हसू आवरेना. म्हणाली, "इतकं शहाणं यंत्र? त्याला म्हणावं, आजच्या दिवस जाऊ दे."

शेवटी भावाने दुधाचं बटण सोडून साधी आच मोठी केली. दूध एकदम वर आलं, काठावर क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि चारी बाजूंनी ओघळलं. काचेवर पसरत बटणांपर्यंत गेलं. शेगडीवर काहीतरी लाल अक्षर उमटलं, ती आपोआप बंद झाली, आणि मग वाजायला लागली. टीं, टीं, टीं.

काकूला ते मात्र ऐकू गेलं. तिने मान वळवून ओट्याच्या वरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे नुसत्या पांढऱ्या टाइल्स होत्या.

"फडकं घ्या," ती म्हणाली.